शिवेवरचा काळ्या

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईंनी तिखटमीठ लावलं. चिपळूणजवळच्या खेड्यात जन्मभर शाळा शिकवली, साहेब तपासणीला आले तरी जीभ कधी अडखळली नाही. पण काळोख पडल्यावर मागच्या न्हाणीघरात जायचं तर अजून नवऱ्याला बरोबर नेते. ते बाहेर उभे राहून खोकतात, मी आत. अशी बाई आपल्या पायांनी भुताचा कुत्रा बघायला सांगली जिल्ह्यात गेली, याचं सगळं खापर आमच्या लेकीवर.

लेक इंग्लंडात पूर्वेकडच्या एका खेड्यात राहते. मागच्या दिवाळीत व्हिडिओवर बोलताना ती म्हणाली, "आई, इथल्या म्हाताऱ्या सांगतात, आडवाटेला काळा कुत्रा भेटतो. वासराएवढा. डोळे निखाऱ्यासारखे आणि पावलांचा आवाज नाही. ज्याला दिसला त्याचं वर्ष काही पुरं होत नाही." आणि पलीकडच्या गावात म्हणे तोच कुत्रा एकट्या बाईला सोबत करतो, दारापर्यंत पोचवतो आणि नाहीसा होतो. एकच कुत्रा, शेजारशेजारच्या दोन गावांत दोन स्वभावांचा! मला रात्रभर झोप नाही.

हे मी शालनला फोनवर सांगितलं. शालन माझी डी.एड.च्या वसतिगृहातली सोबतीण. तिसऱ्याच महिन्यात एका फौजीशी लग्न ठरून कुंडल आणि पलूसच्या मधल्या एका गावात गेली, ती तिथलीच झाली. ती हसली. "त्यात काय नवल गं उषे? आमच्या शिवंवर बी हाय की. काळ्या. भैरोबाचा कुत्रा. जानेवारीत ये, दावते."

आमचे हे म्हणाले, "घाबरायला एवढ्या लांब कशाला जातेस? घरी मी आहे की." तरी मी गेले. गावाचं नाव मात्र सांगणार नाही. तसं कबूल केलंय.

कराड

कुंभार्ली घाट चढताना खिडकीला नाक लावून बसले होते. वर गेल्यावर हवेतलं खारेपण गेलं आणि पाटणच्या पुढे तर झाडंच बदलली. आमच्याकडे घर दिसायच्या आधी नारळ दिसतो, इथे जिकडेतिकडे ऊस. कराडला उतरून कृष्णा-कोयनेचा संगम बघितला. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात, हे मी वर्गात किती वेळा फळ्यावर काढलं असेल. प्रत्यक्षात पाणी इतकं शांत होतं की नक्की कुठे भेटतात ते कळलंच नाही.

तिथून वडाप धरली. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. मी ड्रायव्हरच्या शेजारी. कुणाकडे जायचं ते सांगितल्यावर त्याने मिशीवरून हात फिरवला.

"सुभेदारांकडं व्हय? मग तुमाला शिवंवर सोडतो. तिथनं चालत जावं लागंल. हातात काय हाय का?"

"पिशवी आहे."

"तसं न्हवं. खायाचं काय? त्या शिवंवरनं मोकळ्या हातानं जायचं न्हाई." त्याने समोरच्या कप्प्यातून बिस्किटाचा पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "पैसं नगं. कुणी आडवं आलं तर म्होरं टाका आन् गप उभ्या ऱ्हावा. हाड म्हणू नका."

गाडीतल्या पाच-सात माणसांपैकी कुणीही हसलं नाही. मी पुडा पदराखाली घट्ट धरला.

शिव

शिवेवर शालन घ्यायला आली होती, म्हणून मी वाचले. गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस, पुरुषभर नव्हे, दोन पुरुष उंच. वारा नसतानाही आत सळसळ चाललेली. वाट वळते तिथे शेंदूर फासलेला एक धोंडा आणि त्याच्या पुढ्यात भाकऱ्यांचे वाळके तुकडे. कुत्रा काही नव्हता. मी पुडा फोडला आणि सगळी बिस्किटं तिथे ओतली. शालन म्हणाली, "एक टाकलं असतं तरी चाललं असतं की गं."

तिचं घर चांगलं स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर आणि जीप. तिचे मालक सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पहाटे उठून अंगण स्वतः झाडतात. मुलगाही फौजेत, सध्या वर बर्फातल्या चौकीवर. त्याचा फोन आठ-दहा दिवसांतून एकदा, कधी तेवढाही नाही. सून वैशाली पदवीधर, लाघवी, मला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागली. जेवायला ज्वारीची भाकरी, पावट्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुभेदार म्हणाले, "ताईंना दही द्या, कोकणातल्या जिभा हैत."

सकाळची पहिली भाकरी या घरात माणसाला मिळत नाही. ती काळ्याची. आमच्याकडेही राखणदार असतो, त्याला वर्षाला नारळ आणि कोंबडं दिलं की तो आपल्या वाटेने, आपण आपल्या. आणि तो दिसत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. इथला राखणदार चार पायांवर चालत दारात येतो.

शालनने मला सगळे नियम सांगितले, पावटे सोलत सोलत. काळ्या कधी मरत नाही. एक गेला की काही दिवसांत दुसरा काळा कुत्रा आपणहून धोंड्यापाशी येऊन बसतो आणि गाव म्हणतं, तोच हा. त्याला हाकलायचं नाही, मारायचं नाही. त्याने हातातून भाकरी घेतली तर मनातलं मागणं मागायचं. आणि घेताना त्याचा दात लागला, तर देवाने मागणं ऐकलं असं समजायचं.

"दात लागला तर?" मी विचारलं.

"त्यो देवाचा दात. जीभ लागली तरी त्येच. पाच रविवार कुणाला सांगायचं न्हाई. औषध न्हाई, पाणी न्हाई, निस्ता भैरोबाचा अंगारा लावायचा. बोललं की मागणं उलटतं."

"उलटतं म्हणजे?"

"ज्याच्यासाठी मागितलं त्याच्यावरच येतं," ती म्हणाली आणि पावट्याचं सूप झटकलं.

रविवार

तिन्हीसांजेला गावातल्या बाया शिवेवर भाकरी घेऊन जातात. मीही गेले. न जाऊन सांगते कुणाला? घरात एकटी बसण्यापेक्षा बायांच्या घोळक्यात भुताकडे गेलेलं बरं, असा माझा हिशोब.

कुत्रा धोंड्यापाशी होता. लेकीच्या गोष्टीतला वासराएवढा नव्हे, पण मोठा, आणि नखापर्यंत काळा. बाया एकेक करून पुढे जात, भाकरी ठेवत, ओठांत काही पुटपुटत आणि पाठ न दाखवता मागे येत. त्याने एकाही भाकरीला तोंड लावलं नाही. मान वाकडी करून तो उसाच्या बुंध्याकडे एकटक बघत होता, जणू तिथे कुणी उभं आहे. मग त्याने खाली तोंड घातलं आणि भाकरी सोडून माती खाल्ली.

"उपास हाय जणू आज त्याचा," एक म्हातारी कुजबुजली. सगळ्या बायांनी हात जोडले.

परतताना मागे बघायचं नाही. वाटेच्या कडेला, उसाच्या आत, वाळक्या पाचटातून काहीतरी आमच्याबरोबर चालत होतं. आम्ही थांबलो की तेही थांबायचं. शालनने माझा दंड धरला होता आणि तिची बोटं रुतत होती. बाया देवाचं नाव घेत होत्या. मला एकही नाव आठवेना. घर आल्यावर मी तांब्याभर पाणी प्याले आणि उद्याच परत जायचं ठरवलं.

सोमवार

गेले नाही, कारण शालन म्हणाली, "गुऱ्हाळ बघितल्याबिगर जायचं?" गुऱ्हाळ पाटाच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. सकाळी आठाला मी निघाले. दिवसाउजेडी काय भ्यायचं! पण पाटावर धुकं बसलं होतं, इतकं की माझेच पाय मला पुसट दिसत होते.

धुक्यातून आधी आवाज आला. भुंकणं नव्हे, ओरडणंही नव्हे. घसा बसलेल्या माणसाने हाक मारायचा प्रयत्न करावा तसा. मग तो पाटाच्या काठावर दिसला. पाण्याला तोंड लावायला गेला आणि कुणी चाबूक मारल्यासारखा मागे उडाला. पुन्हा गेला, पुन्हा उडाला. खालचा जबडा लोंबत होता आणि लाळेच्या तारा जमिनीपर्यंत आल्या होत्या. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

ओरडावं म्हटलं तर आवाज नाही. तो झोकांड्या खात सरळ माझ्याकडे आला, दोन हातांवरून पुढे गेला आणि उसात शिरला. डोळे मला बघत नव्हते, माझ्या आरपार बघत होते. मी किती वेळ तिथे उभी होते देव जाणे. गुऱ्हाळावरच्या माणसाने मला हाताला धरून घरी आणलं.

शेजारच्या दोघी माझ्या पाया पडल्या. "एकटीला दर्शन दिलं, लय भाग्याच्या!" मी थरथरत होते आणि त्या माझ्या पायांवर डोकं ठेवत होत्या.

दुपारी पडल्या पडल्या मला आमच्या वाडीतला नारळ पाडणारा गडी आठवला. किती वर्षं झाली त्याला! कुत्रं चावलं, त्याने हसण्यावारी नेलं, जखमेत मिरचीपूड भरली. दोन महिन्यांनी तो बाजेवर पडला होता, तहानेने कासावीस, आणि बायकोने पेला पुढे केला की त्याचा घसा आवळायचा, तो भिंतीला जाऊन धडकायचा. मी दारातून बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी गेला. त्याला चावलेलं कुत्रंही असंच जबडा लोंबवत फिरत होतं.

मी उठून बसले. पाटावर मी भूत बघितलं नव्हतं. भूत परवडलं असतं. तो कुत्रा पिसाळलेला होता.

मंगळवार

सकाळी ऊसतोडीच्या लोकांना तो पाटाजवळ मेलेला सापडला. गावाने त्याला गुलाल टाकून धोंड्यामागे पुरलं. शालन जाऊन नारळ फोडून आली. मी स्वयंपाकघरात वैशालीपाशी बसले होते, कुत्रा पिसाळलेला होता हे त्याला देव मानणाऱ्या घरात कसं सांगावं याची जुळवाजुळव करत. ती भाकरी थापत होती, पण एकट्या डाव्या हाताने. उजव्या हाताला पदर गुंडाळलेला.

"हात दाखव."

"काय न्हाई, मावशी. भाजलंय."

मी तिचा हात ओढला. अंगठ्याखाली दोन भोकं, त्यांत राख भरलेली, कडेने लाल.

"कधी?"

तिचे डोळे भरले. मग फक्त मान हलवली आणि दाराकडे बघितलं, सासू येते का. मी विचारलं, "मागच्या रविवारी?" तिने पापण्या मिटल्या. नऊ दिवस झाले होते.

"वैशाली, तो कुत्रा पिसाळला होता. अजून इंजेक्शन घेता येईल. एकदा का त्रास सुरू झाला की मग कुणीही काही करू शकत नाही. तू शिकलेली आहेस गं!"

"म्हायती हाय." आवाज इतका बारीक की चुलीच्या जाळात हरवत होता. "म्हायती हाय, मावशी. पण मी त्यांचं मागितलंय. सुखरूप येऊ देत म्हणून. आता बोलले आन् तिकडं बर्फात काय झालं तर? मी कशी जगू? मी मेले तर चालंल."

मी तिला थापड मारली असती, आणि रडलेही असते. अंधश्रद्धा म्हणून एक धडा मी दरवर्षी शिकवला. त्यातलं एकही वाक्य या पोरीच्या तोंडावर फेकण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगू? मलाही भीती वाटत होती. खरंच काही झालं तर?

मग मला आमचं कोकण आठवलं. आमच्याकडे देवाशी असं गप्प बसून भागत नाही. चूक झाली, बोल फिरवायचा झाला, तर त्याच्यासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, मोठ्याने, चारचौघांनी ऐकावं असं.

"तू बोलली नाहीस," मी म्हटलं. "मी बघितलं. मी सांगणार. दोष माझा. चल, तुझ्या देवाला सांगून येऊ."

भर बाराच्या उन्हात आम्ही दोघी शिवेवर गेलो. ही वेळ रात्रीपेक्षा वाईट म्हणतात. ऊस गप्प होता, पान हलत नव्हतं, धोंड्यामागची माती ताजी. पिशवीत आणलेला कोकणातला नारळ मी पुढे ठेवला. तोंड उघडणार, तेवढ्यात मनात आलं: दोष माझ्या माथी म्हणतेस, पण हा दोष माणसाच्या माथ्यावर पडत नाही, त्याच्या लांबच्या माणसावर पडतो. आणि माझंही एक लेकरू लांब आहे.

वैशाली माझ्याकडे बघत होती, शेवटचा आधार बघावा तशी. मी डोळे मिटले आणि ओरडून म्हटलं, "बा भैरोबा! मी परमुलखातली बाई, तुझी रीत मला ठाऊक नाही. या पोरीने बोल मोडला नाही, मी मोडते. हिला मी दवाखान्यात नेते. जे काय उलटायचं ते माझ्याशी बोल. हिच्या कुंकवाकडे बघू नकोस!" माझ्या लेकीचं नाव मी घेतलं नाही. घ्यायचं धाडस झालं नाही.

वैशाली रडत रडत माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "चला."

अंगणात सुभेदार होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी एकदा भिंतीवरच्या मुलाच्या गणवेशातल्या फोटोकडे बघितलं, मग खुंटीवरची किल्ली काढली. "हात साबणानं धू पोरी, वाहत्या पाण्याखाली. लय येळ धू. शालन, गाडीत बस. सांगलीला जायचं." निघताना गाडी त्यांच्याकडून दोनदा बंद पडली. लढाईत गेलेला माणूस!

सांगली

सगळी वाट शालन एक शब्द बोलली नाही. मला वाटलं रागावली. सुनेने लपवलं, मैत्रिणीने बोल मोडला; रागावणारच.

दवाखान्यात सिस्टर चांगली होती, खडसावणारी पण मायेची. तिने राख धुऊन काढली, डॉक्टरांनी जखमेतच सुई दिली, मग दंडात. वैशालीने हूं की चूं केलं नाही. सिस्टर पुढच्या तारखा कागदावर लिहीत होती. लिहिता लिहिता तिने विचारलं, "घरात आणखी कुणाला चावलं, ओरखडलं?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले.

"चाटलं?"

"न्हाई."

"चाटलं तर काय हुतंय?" हे शालनने विचारलं.

सिस्टरने मान वर केली. "जखम असेल त्यावर चाटलं तर चावल्यासारखंच. तेवढीच भीती."

शालन बाकावरून उठली. तिच्या डाव्या हाताच्या बोटाला चिंधी होती. मी ती चार दिवस बघत होते. खुरपं लागलंय, एवढंच मला माहीत. ती टेबलापाशी गेली, चिंधी सोडली आणि हात सिस्टरच्या पुढ्यात कागदावर ठेवला. चिरेत राख भरलेली होती.

"गुरवारी," ती म्हणाली. "पहिली भाकरी देताना."

वैशाली सासूकडे बघत ओरडलीच, "आत्या!"

"काय मागितलंस गं?" मी विचारलं. विचारायला नको होतं. मला कळलं होतं.

शालनने सुनेकडे बघितलं. "तिनं मागितलं त्येच. दुसरं काय मागणार मी?" एका घरात, एका चुलीपाशी, एकाच माणसासाठी दोघी आपापली मरणं लपवून बसल्या होत्या. सुभेदार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सिस्टरने काही न विचारता दुसरा कागद घेतला.

सुई टोचताना शालनने माझा हात धरला आणि माझ्या कानात म्हणाली, "माझ्यासाठी तर कुणी गाऱ्हाणं घातलं न्हाई गं उषे. मी माझ्या तोंडानं बोलले. आता त्येचं काय?"

मी म्हटलं, काही होत नाही. शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं. तिला तो पटला नाही, मलाही नाही.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. दोघींच्या सगळ्या सुया वेळच्या वेळी झाल्या, डॉक्टर म्हणतात काळजी नको. शालनचा दर रविवारी फोन येतो. पावटा संपला, हरभरा आला, गुऱ्हाळावरनं तुझ्यासाठी काकवी ठेवलीय, असं पुष्कळ सांगते. आजही आला होता. बोलता बोलता म्हणाली, धोंड्यापाशी नवा काळा कुत्रा येऊन बसलाय. सुभेदारांनी डॉक्टरला आणून त्याला आधी सुई टोचली, मगच बायांना भाकरी ठेवू दिली. बर्फातून मुलाचा फोन आला का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.